रेडिओ बहिरा का झाला?

मागील वर्षीच्या विज्ञान-प्रदर्शनास ज्या पालकांनी उपस्थित राहून मुलांचे कौतुक केले, त्यांना खिडकीजवळच्या टेबलावरील एक ओबडधोबड पत्र्याचा डबा कदाचित आठवत असेल. बिस्किटांच्या जुन्या डब्यात बसविलेला तो रेडिओ होता, आणि तो इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने स्वतःच्या हातांनी तयार केला होता. दिवाळीच्या सुटीत मामाच्या शेतावर कापूस वेचून जी मजुरी मिळाली, तिच्यातून त्याने सुटे भाग मागविले व दोन महिने रोज सायंकाळी प्रयोगशाळेत बसून ते जोडले. डिसेंबरच्या एका रात्री त्या डब्यातून हैदराबादच्या एका हौशी बिनतारीवाल्याचा आवाज ऐकू आला, तेव्हा वसतिगृहातील मुले अंथरुणातून उठून आली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी हाच रेडिओ मुका झाला. त्या दिवशी परवानाधारक असे एक हौशी बिनतारीवाले पाहुणे आपले यंत्र घेऊन आले होते. त्यांची तार अंगणातील कडुनिंबापासून सभागृहाच्या कोपऱ्यापर्यंत ताणली होती. मुलाची तार कोठे बांधावी, असा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हणालो, “त्याच निंबाला बांध, झाड उंच आहे.” त्याप्रमाणे त्याने ती बांधली. दोन्ही तारा जवळजवळ समांतर, व त्यांच्यात वीसेक मीटरांचे अंतर. पाहुण्यांनी बोलण्यास आरंभ करताच मुलाच्या डब्यातून ‘टच्’ असा बारीक आवाज झाला, आणि पुढे त्यातून नुसती पोकळ सरसर येऊ लागली. पाहुण्यांचे बोलणे संपले, तरी ती तशीच राहिली.

मुलाने कोणास काही सांगितले नाही. सायंकाळी सर्व गेल्यावर तो डबा उघडून एकेक जोड तपासत बसलेला मला आढळला. “सर, माझाच कुठला तरी जोड सुटला असेल,” असे तो म्हणाला. दोन दिवस शोधूनही सुटलेला जोड सापडेना, तेव्हा पहिला ट्रान्झिस्टर काढून पाहिला. तो जळलेला होता. जोडणीत कोठेही चूक नव्हती. चूक तार बांधण्याच्या जागेत होती, आणि ती जागा मी सांगितली होती. ज्यांची मुले अशा छंदात पडू पाहत आहेत त्या पालकांना व त्या मुलांना हा प्रसंग टाळता यावा, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. ऐकणाऱ्या यंत्रास आपण ग्राहकयंत्र म्हणू, व बोलणाऱ्या यंत्रास प्रेषकयंत्र. हवेत ताणलेल्या तारेस सर्वत्र एरियल म्हणतात, तोच शब्द ठेवू. व्यापारासाठी नव्हे, तर केवळ शिकण्याच्या आवडीने जे लोक सरकारचा परवाना घेऊन बिनतारी यंत्रावर परस्परांशी बोलतात, त्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. आपल्या देशात त्यांच्या यंत्रांची ओळखनावे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात.

आता हे ध्यानात घेतले पाहिजे की, एरियलला बोलणे व ऐकणे यांतील भेद कळत नाही. ज्या तारेतून विद्युत्-लहरी आकाशात जातात, तशाच तारेत आकाशातील लहरी उतरतात. भेद आहे तो प्रमाणाचा, आणि तो इतका प्रचंड आहे की त्याची कल्पना व्यवहारातील कोणत्याच मापाने येत नाही. दूरच्या एखाद्या हॅमचा क्षीण आवाज आपल्या एरियलमध्ये उतरतो तेव्हा ग्राहकयंत्राच्या तोंडाशी सुमारे १ मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा दहा लाखावा भाग एवढा दाब असतो. एवढ्याशा दाबातून मनुष्याचे बोलणे वेगळे काढावयाचे, म्हणून ग्राहकयंत्राचा पहिला ट्रान्झिस्टर अतिशय नाजूक व चाणाक्ष असा निवडावा लागतो.

इकडे शेजारच्या प्रेषकाचा हिशेब पाहा. पाहुण्यांचे यंत्र १०० वॅटचे होते व ते ७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यावर बोलत होते. या पट्ट्यासाठी वीस मीटर लांबीची तार लागते. मुलाची तारही त्याच मापाची होती. अशा दोन सारख्या तारा वीस मीटर अंतरावर समांतर टांगल्या, तर एकीत घातलेल्या १०० वॅटपैकी ४–५ वॅट दुसरीतून काढून घेता येतात. पन्नास ओहमच्या केबलवर ५ वॅट म्हणजे जवळजवळ १६ व्होल्ट. जे यंत्र एका मायक्रोव्होल्टासाठी कान टवकारून बसले होते, त्याच्या कानात एकाएकी त्याच्या दीड कोटी पट मोठी आरोळी पडली! आज बाजारात संगणकास जोडावयाची जी स्वस्त लहान ग्राहकयंत्रे मिळतात, त्यांची सहनशक्ती साधारणपणे १० मिलिवॅटच्या आसपास असते. ५ वॅट म्हणजे त्याच्या पाचशे पट झाले. तेव्हा आश्चर्य वाटावयाचे ते एवढेच की, एक ट्रान्झिस्टर जळूनच सर्व निभावले.

सर्वांत जुना व सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे अंतर. या उपायाचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९२७ साली हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्ये मार्कोनीच्या ‘बीम’ पद्धतीने बिनतारी तारव्यवहार सुरू झाला. त्यासाठी प्रेषणाचे केंद्र पुण्याजवळ खडकी येथे उभारले. परंतु ग्रहणाचे केंद्र तेथे न ठेवता रेल्वेच्या वाटेने सुमारे ७५ किलोमीटर दूर, दौंड येथे नेले. इंग्लंडातही तसेच केले: ग्रिम्सबीहून बोलावयाचे व स्केग्नेसला ऐकावयाचे. दोन ठिकाणी इमारती, दोन ठिकाणी मनोरे, दोन ठिकाणी माणसे, हा सगळा खर्च त्या कंपनीने हौसेने केला नसेल. हजारो मैलांवरून आलेला क्षीण संदेश ऐकावयाचा, तर आपलाच घसा कानापासून दूर ठेवला पाहिजे, हे त्या काळच्या इंजिनिअरांना पुरते उमगले होते.

याच विचाराचे आजचे भव्य रूप पाहावयाचे असेल, तर जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे जावे. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची जगप्रसिद्ध रेडिओ-दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली व २००१ साली राष्ट्रास अर्पण झाली. चौदा थाळ्या खोडदच्या आसपास एकत्र आहेत, आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरल्या असून त्यांतील टोकाच्या थाळ्यांमध्ये २५ किलोमीटरांचे अंतर पडते. ही जागा निवडताना तेथे माणसाच्या यंत्रांचा बिनतारी गोंगाट कमी आहे, हे एक मुख्य कारण होते. आकाशातील दूरच्या तेजोमेघांपासून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की, आपल्या खिशातला एक मोबाइल फोन चंद्रावर नेऊन ठेवला, तर तो पृथ्वीवरील अशा दुर्बिणीला आकाशातील ठळक रेडिओ-ताऱ्यांच्या पंक्तीत दिसेल. मग तोच फोन थाळीच्या पायथ्याशी असला तर काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण उपासनेच्या तासाला ऐकतो. वादळ, भूकंप व अग्नी यांच्यानंतर जी वाणी आली, ती ऐकण्यासाठी त्याला प्रथम ते सारे निघून जाईपर्यंत गुहेत थांबावे लागले होते. खोडदच्या शास्त्रज्ञांना ही गोष्ट इतरांहून अधिक भावत असेल, असे मला नेहमी वाटते.

असो. आपले आवार म्हणजे काही खडकी व दौंड नव्हे. अंतर दुप्पट केले की दाब निम्मा होतो व शक्ती चौथा हिस्सा उरते, असा स्थूल नियम आहे. वीस मीटरांचे ऐंशी मीटर केले, तरी त्या ५ वॅटपैकी पाव-अर्धा वॅट उरतोच, आणि तोही १० मिलिवॅटच्या कित्येक पट आहे. तेव्हा केवळ अंतरावर भिस्त ठेवून चालणार नाही.

परंतु दिशा बदलण्यास एक पैसाही लागत नाही, आणि तिचा उपयोग अंतरापेक्षाही अधिक होतो. आडवी ताणलेली तार आपल्या दोन्ही कुशींच्या बाजूला जोराने बोलते व ऐकते. तिच्या टोकांच्या दिशेने ती जवळजवळ मुकी व बहिरी असते. दोन तारा समांतर बांधणे म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून ओरडायला सांगण्यासारखे आहे, आणि मी नेमके तेच केले होते. त्याऐवजी एका तारेचे टोक दुसरीच्या मध्यावर रोखलेले असेल, अशा रीतीने दोन्ही तारा काटकोनात बांधाव्यात. झोपाळ्याला त्याच्या झुलण्याच्या दिशेने लोटले तर तो झुलतो, बाजूने लोटले तर नुसता थरथरतो. तारेतील विद्युत्-कणांचेही तसेच आहे. काटकोनी मांडणीत एका तारेचा दोन्ही अर्धांवर होणारा परिणाम परस्परविरुद्ध होऊन मावळतो. कागदावर तो शून्य होतो. प्रत्यक्षात मात्र टिनाची छपरे, विजेच्या तारा, लोखंडी जाळ्या यांवरून लहरी परावृत्त होऊन वाकड्या वाटेने येतात, व एरियलकडून आत येणाऱ्या केबलचे बाहेरचे वेष्टनही थोडेफार एरियलचेच काम करते. केबल आत शिरते तेथे तिच्यावर फेराइटची चार-सहा कडी घातल्यास ही मागच्या दाराची ये-जा पुष्कळ कमी होते.

तिसरा उपाय काळाचा. जेव्हा शेजारी बोलत असेल, तेव्हा आपले दार लावून घ्यावे. ज्या हॅमपाशी बोलण्याचे व ऐकण्याचे यंत्र वेगवेगळे असते, तो यासाठी रिले वापरतो. बोलण्याचा खटका दाबताच आधी रिले ग्राहकयंत्रास एरियलपासून तोडतो, आणि क्षणमात्राने प्रेषकयंत्र सुरू होते. हा क्रम उलटा झाला तर रिलेचा उपयोग शून्य, म्हणून दोहोंच्या मध्ये सेकंदाचा शंभरावा भाग तरी जाऊ द्यावा लागतो. येथे एक बारकी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रिलेचे टोक उघडले म्हणजे दार पूर्ण बंद झाले असे नव्हे. उघड्या दोन टोकांमध्ये सुमारे १ पिकोफॅरड एवढी धारिता राहते. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीस ती फट बावीस हजार ओहमांइतकी अडचणीची वाटते, पण १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीस तीच फट केवळ अकराशे ओहमांची असते. म्हणजे लहर जितकी आखूड तितकी ती फटीतून अधिक सहज शिरते. सबब नुसते तोडून न थांबता त्याच रिलेच्या दुसऱ्या टोकाने ग्राहकयंत्राचे तोंड जमिनीशी जोडून टाकावे.

प्रदर्शनाच्या दिवशी हा उपाय आमच्या कामी आला नसता, कारण बोलणारा एक व ऐकणारा दुसरा होता. पाहुण्यांच्या खटक्याचा मुलाच्या डब्याशी संबंधच नव्हता. अशा वेळी ग्राहकयंत्राच्या दाराशी स्वतःचा पहारेकरी पाहिजे. हा पहारेकरी म्हणजे १एन४१४८ या जातीचे दोन लहान डायोड. ते एकमेकांस उलट दिशेने जोडून एरियलचे टोक व जमीन यांच्यामध्ये आडवे टाकतात. डायोडचा स्वभाव असा की, त्यावरचा दाब सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट होईपर्यंत तो निद्रिस्त असतो. दाब त्यापुढे गेला की जागा होऊन वाट मोकळी करून देतो. मायक्रोव्होल्टांच्या संदेशांना तो आहे हे कळतही नाही. सोळा व्होल्टांची आरोळी आली की ती त्याच्यातून जमिनीत जाते, आणि ट्रान्झिस्टरवर पाऊण व्होल्टाहून अधिक दाब पडत नाही. ०.७ व्होल्टांचे शिखर म्हणजे पन्नास ओहमांवर सुमारे ५ मिलिवॅट. म्हणजे आपल्या १० मिलिवॅटच्या मर्यादेच्या आत.

पण पहारेकऱ्याच्याही जिवाची काळजी घेतली पाहिजे. ५ वॅटचा लोंढा सरळ डायोडांवर सोडला, तर त्यांतून अर्ध्या अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ पाहतो. एवढ्याशा काचेच्या डायोडला तो पेलत नाही; थोड्याच वेळात तो जळतो, व जळताना कधी तुटतो, कधी कायमचा जोडला जातो. तुटला तर पुढचा आघात सरळ ट्रान्झिस्टरवर, आणि जोडला गेला तर रेडिओ पुन्हा बहिरा. म्हणून एरियल व डायोड यांच्यामध्ये एक बारीक तारेचा दिवा ओळीने जोडावा. सहा व्होल्ट व ५०–६० मिलिअँपिअरचा चालतो. दिव्याची तार थंड असताना तिचा अवरोध दहा-बारा ओहमच असतो, त्यामुळे नेहमीच्या ऐकण्यात फारसे काही हरवत नाही. मोठा प्रवाह आला की ती तापून तिचा अवरोध सुमारे दसपट होतो व ती आपोआप लोंढा आवरून धरते. फारच झाले तर ती स्वतः तुटते आणि मागच्या सर्वांना वाचविते. दिवा लागलेला दिसला म्हणजे शेजारी बोलत आहे, हेही आयतेच कळते! हा दिवा फक्त ऐकण्याच्या यंत्रालाच लावावा. ज्या यंत्रातून बोलणे व ऐकणे एकाच केबलने होते, त्या केबलमध्ये तो घातला, तर आपले स्वतःचेच शंभर वॅट त्यात ओतले जातील.

पुष्कळ दुकानदार वायू भरलेली लहान नळी विकतात व तिने सर्व धोके टळतात असे सांगतात. तिचा उपयोग आहे, पण तो या कामी नाही. ती नळी ९० व्होल्टांच्या आसपास दाब चढल्याशिवाय पेटतच नाही. शेजाऱ्याचे सोळा व्होल्ट तिच्या डोळ्यांदेखत आत जातील. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कोरडा, धुळीचा वारा सुटतो व उंच तारेवर स्थिर विद्युत् साठत जाते, तिच्यासाठी ती चांगली. त्याच कामासाठी एरियल व जमीन यांमध्ये एक लाख ओहमांचा रोध कायमचा जोडून ठेवला, तर साठाच होत नाही. विजेचा कडकडाट सुरू झाल्यावर मात्र कोणतीही नळी, कोणताही डायोड यांवर विसंबू नये. मृगाच्या आधीचे ढग दिसू लागले की एरियल यंत्रापासून काढून घराबाहेर जमिनीशी जोडून ठेवावे, आणि वादळ डोक्यावर आल्यावर त्या तारेस हात लावू नये.

आतापर्यंत कायमच्या बहिरेपणाची कथा झाली. त्याखेरीज एक तात्पुरते बहिरेपणही असते, व ते अधिक वेळा भेटते. वणीच्या रस्त्याने रात्री जाताना समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले की, कडेने चाललेली बैलगाडी दिसेनाशी होते. डोळे फुटलेले नसतात. ट्रक गेला की गाडी पुन्हा दिसते. ग्राहकयंत्राचेही असेच आहे. शेजारचा जोरदार संदेश आत शिरला की पहिल्या टप्प्याची शक्ती त्यातच खर्च होते व क्षीण संदेश त्याखाली बुडतात. शेजारी थांबला की सर्व पूर्ववत्. आमच्या मुलाला हा भेद ठाऊक असता, तर पाहुणे थांबल्यावरही सरसर कायम आहे, एवढ्यावरूनच आतले काहीतरी गेले, हे त्याने ओळखले असते व दोन दिवसांचा शोध वाचला असता.

या तात्पुरत्या दोषातून भुतेही निर्माण होतात. दोन जोरदार केंद्रे, एक ७०५० किलोहर्ट्झवर व दुसरे ७१०० वर, एकाच वेळी आत शिरली की भांबावलेले यंत्र त्यांची आपसांत सरमिसळ करते, आणि ७००० व ७१५० या जागी कोणी बोलत नसताही आवाज ऐकू येतात. भूत ओळखण्याची युक्ती सोपी आहे. यंत्राच्या तोंडाशी रोध लावून येणारा दाब निम्मा करावा. खरे केंद्र निम्मेच क्षीण होते, तर या जातीचे भूत एकदम आठव्या हिश्श्यावर येते. वर सांगितलेले डायोडही मोठ्या ध्वनिक्षेपण केंद्राच्या सान्निध्यात अशी भुते उठवितात, हे त्यांचे वैगुण्य लपविण्याचे कारण नाही. मध्यम लहरींच्या मनोऱ्याजवळ राहणाऱ्यांनी प्रत्येक दिशेस एकाऐवजी दोन डायोड ओळीने घालावेत, म्हणजे ते १.२ व्होल्टांपर्यंत जागे होत नाहीत.

शेजारी व आपण वेगवेगळ्या पट्ट्यांवर असू, तर केबलचा एक तुकडाही चाळणीचे काम करतो. नेहमीच्या पॉलिथीनच्या केबलचा सुमारे ७ मीटर लांबीचा तुकडा घ्यावा, त्याच्या एका टोकाशी आतली तार व बाहेरचे वेष्टन एकत्र जोडावे, आणि दुसरे टोक यंत्राच्या केबलला फाट्यासारखे लावावे. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीस हा तुकडा चतुर्थांश लांबीचा असल्यामुळे ती त्याच्याकडे पाहतही नाही. पण १४ मेगाहर्ट्झच्या लहरीस तो अर्ध्या लांबीचा होतो व ती तेथेच गडप होते. म्हणून शेजारी १४ वर बोलत असता आपल्याला ७ वर ऐकावयाचे असेल, तर तो आपल्या यंत्राला लावावा. उलट शेजारी ७ वर बोलतो आणि त्याच्या यंत्रातून निघणारी दुप्पट कंपनसंख्येची घाण आपल्या १४ च्या पट्ट्यावर पडते, असे असेल, तर तोच तुकडा त्याच्या यंत्राला लावावयास द्यावा. दोघेही एकाच पट्ट्यावर असले, तर कोणतीही चाळणी उपयोगी नाही. तेथे अंतर, दिशा, कमी शक्ती आणि पाळीपाळीने बोलण्याचा समजूतदारपणा एवढेच हाती राहते.

पालकांपैकी कोणी विचारील की, घरोघर मोबाइल असता मुलांनी या खटपटीत वेळ का घालवावा? २००१ साली भूजचा भूकंप झाला तेव्हा, आणि २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीने अंदमान बेटे झोडपली तेव्हा, नेहमीची साधने बंद पडून हॅम लोकांनीच निरोप पोहोचविले. आपला जिल्हाही संकटापासून दूर नाही. २०२३ च्या जुलै महिन्यात महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यास पुराचा वेढा पडून वायुदलाची मदत मागवावी लागली होती, हे सर्वांच्या स्मरणात असेल. अशा प्रसंगी मदतीचे केंद्र बहुधा एखाद्या शाळेच्याच इमारतीत असते. एकाच छपरावर दोन-तीन यंत्रे घाईघाईने मांडली जातात. एक जिल्ह्याच्या ठिकाणाशी बोलते, दुसरे पाण्यापलीकडच्या गावाकडे कान देऊन असते. पहिले बोलू लागले की दुसरे बहिरे झाले, तर पलीकडून कोणी काय सांगितले, हे कोणासच कळणार नाही. आणि न ऐकलेला निरोप हरवला आहे, हेसुद्धा कळावयास मार्ग नाही. छपरावर चढण्यापूर्वी कोणती तार कोणत्या दिशेने बांधावयाची, हे ज्याला ठाऊक आहे असा एखादा मुलगा किंवा मुलगी तेथे असावी, असे मला वाटते.

आता त्या डब्याविषयी. जळालेला ट्रान्झिस्टर बदलला, दोन डायोड व एक दिवा घातला. ट्रान्झिस्टर धरून सर्वाला शंभर रुपयेसुद्धा लागले नाहीत. ते मी दिले, व ते माझ्याकडेच लागत होते. मुलाची तार आता निंबावर नाही. ती विहिरीजवळच्या खांबापासून वसतिगृहाच्या मागल्या भिंतीपर्यंत, पाहुण्यांच्या तारेशी काटकोनात बांधली आहे. यंदा पावसाळ्यानंतर पाहुणे पुन्हा आले, तेव्हा आम्ही मुद्दाम पूर्वीच्याच शक्तीने त्यांना बोलावयास सांगितले. मुलगा कानाला श्रवणयंत्र लावून डब्याकडे टक लावून बसला होता. दिव्याची तार किंचित लाल झाली. पाहुणे थांबले, दिवा विझला, आणि थोड्या वेळाने मुलाने हात वर करून आम्हा सर्वांना गप्प राहण्याची खूण केली. कोणीतरी फार दुरून बोलत होते.